किनवटच्या वाटेवर मराठी

नांदेडहून आदिलाबादला जाणारी गाडी भोकर, हिमायतनगर मागे टाकत सहस्रकुंडाकडे सरकते, तसा कापूस विरळ होतो आणि साग दाटतो. किनवट तालुका १९५६पर्यंत नांदेडचा नव्हताच. तो हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत मराठी म्हणून तो इकडे आला, आदिलाबाद तेलुगूकडे गेलं. गोंडी आणि कोलामी या इथल्या जुन्या भाषा. त्या वाटणीत त्यांना कुणी विचारलं नाही.

किनवटपुढे कोलामांच्या एका पोडावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, थांबलो. आजी शेजारणीशी कोलामीत बोलत होती, नातवाला मात्र मराठीत दटावत होती.

‘आजी, ह्याला कोलामी येत नाही?’

‘समजते त्याले. बोलत नाही. शाळेत कोन बोलते, बाजारात कोन बोलते?’

आश्रमशाळा मराठी, तलाठी मराठी, कापसाचा व्यापारीही मराठी. उत्तर नायजेरियात हौसा भाषेनं बादेसारख्या लहान भाषांची माणसं अशीच ओढून घेतली. बाजारानं जेवढं केलं तेवढं कुठल्या हुकुमानंही झालं नसतं. इथली हौसा म्हणजे आपली मराठी. २०२४मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. एरवी ‘मराठी मरतेय’ म्हणून गळा काढायचा आपल्याला भारी सराव. किनवटला आपणच मोठे मासे.

एक मराठी माणूस मात्र उलट्या दिशेनं चालला होता. लातूरकडच्या निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे, फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून ते आपल्याला ठाऊक. पण निजामाच्या नोकरीत आदिलाबाद भागात असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, आणि १९५०मध्ये त्यांचं कोलामीचं व्याकरण छापून आलं. अधिकाऱ्यानं प्रजेची भाषा शिकायची, ही रीत पुढे आपल्या कचेऱ्यांत रुजली असती तर! २०११च्या जनगणनेत कोलामी बोलणारे देशभरात सव्वा लाखाच्या थोडे वर आहेत, आणि ते महाराष्ट्र, तेलंगण अशा राज्यांत वाटले गेलेत.

आजीची एक लेक पलीकडे, आदिलाबादेत दिलेली. तिची पोरं तेलुगू शाळेत.

‘मग सणाला भेटली की ही भावंडं बोलतात कशात?’

‘हिंदीत,’ आजी म्हणाली, आणि सरकीचा काय भाव चालू आहे नांदेडात, ते मलाच विचारू लागली.