मान पुरेसा आहे

परदेशी जाऊन आलेल्या माणसास आपल्याकडे विचारला जाणारा ठरीव प्रश्न म्हणजे, "तिकडे काय काय पाहिलेत?" मी लंडनमधील राजवाडा, वस्तुसंग्रहालय, थेम्स नदीवरील पूल अशी यादी सांगू लागलो की ऐकणारे संतोषाने मान डोलावतात. पण सर्वांत अधिक मनात राहिला तो एका लहानशा मैदानावर पाहिलेला फुटबॉलचा सामना, असे मी म्हणताच मंडळींच्या मुद्रेवर निराशा उमटते. ज्याचा जन्म शब्दरूपावली पाठ करून घेण्यात गेला, त्या पेन्शनर मास्तरास फुटबॉलमध्ये काय कळणार, हाही प्रश्न त्या मुद्रेत असतोच. त्यास हे उत्तर.

इंग्लंडात फुटबॉलची मोठी उतरंड आहे. वरच्या चार पायऱ्यांवर 92 संघ असतात. त्यांचे नाव सर्व जगाच्या तोंडी. त्यांच्या खाली जे शेकडो संघ खेळतात, त्या सर्वांस मिळून 'नॉन-लीग' म्हणतात. 1888 साली पहिली फुटबॉल लीग स्थापन झाली. तिच्या बाहेरचे ते हे. यांतील पुष्कळसे खेळाडू आठवडाभर कोठेतरी नोकरी करतात, सायंकाळी सराव करतात आणि शनिवारी मैदानावर उतरतात.

माझा मुलगा लंडनमध्ये असतो. मोठ्या संघाच्या सामन्याचे तिकीट मिळणे दुर्घट, म्हणून नऊ वर्षांच्या नातवाने मला हिवाळ्यातील एका शनिवारी डलिच हॅम्लेट या संघाचा सामना पाहण्यास नेले. मीच त्यास नेले असे सूनबाई समजत होत्या. पण आगगाडीत कोठे बसावे आणि ईस्ट डलिच स्टेशनावर कोणत्या बाजूस वळावे, हे सर्व त्यालाच ठाऊक होते.

मैदानाचे नाव चॅम्पियन हिल. दारावर तिकिटे पाहणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, आणि वेतनाशिवाय काम करणारे. गळ्यात गुलाबी व गडद निळ्या रंगांचे मफलर घातलेले आजोबा, मुली, कडेवर पोरे घेतलेले बाप आणि साखळीला बांधलेली दोन कुत्री, असा सर्व परिवार कठड्याला टेकून उभा. पुष्कळांच्या हाती बिअरचे पेले होते. 1985 च्या कायद्याने मोठ्या सामन्यांत मैदानासमोर मद्य पिण्यास मनाई केली. येथे ती लागू नाही. मी चहाचा पेला घेतला आणि आमच्या शेजारच्या घोळक्याने तोही तितक्याच आदराने मान्य केला! मध्यंतर होताच आपला संघ ज्या बाजूस गोल करणार, त्या बाजूच्या गोलामागे सारी मंडळी चालत गेली. आम्हीही गेलो.

खेळ चिखलात चालला होता. चेंडू वारंवार कठड्याबाहेर येई, आणि खेळाडू दोन हातांवर उभा असल्यामुळे त्याचा श्वाससुद्धा ऐकू येई. एकाने सोपा गोल चुकविला, तेव्हा मागून कोणी त्याला नावाने हाक मारून धीर दिला. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला.

हा संघ 1893 साली जन्मला तो गावच्या प्राथमिक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांतून, हे ऐकून माझ्यातील मास्तर जागा झाला. 1907 साली तो इस्थमियन लीगमध्ये आला. प्राचीन ग्रीसमधील ज्या क्रीडोत्सवांत विजेत्यास केवळ पानांचा मुकुट मिळे, त्यांवरून हे नाव घेतलेले. लीगचे लॅटिन ब्रीद आहे, त्याचा अर्थ 'मान पुरेसा आहे'. आरंभीच्या काळात विजेत्यांना पेला नव्हता की पदक नव्हते. निष्काम कर्माचा उपदेश मी चाळीस वर्षे वर्गात केला. त्याचे असे चिखलाने माखलेले उदाहरण मात्र प्रथमच पाहिले.

मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यास एडगर केल याचे नाव आहे. या गृहस्थाने डलिचसाठी 400 हून अधिक गोल केले, 1929 साली तो इंग्लंडकडून तीन सामने खेळला, आणि तरीही धंदेवाईक खेळाडू न होता जन्मभर हौशीच राहिला. याच मैदानावर 1948 च्या ऑलिंपिकमध्ये मेक्सिको आणि दक्षिण कोरिया यांचा सामना झाला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपला भारतीय संघ लंडनच्या पूर्वेस इल्फर्ड येथे 31 जुलै रोजी फ्रान्सशी खेळला आणि 2-1 असा हरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. हे नातवास सांगितले, तेव्हा तो आपल्या बुटांकडे पाहत म्हणाला, "आजोबा, चिखलात पाय गारठले नसतील?" जुलै महिना होता, एवढेच मी सांगू शकलो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. 2018 च्या मार्चमध्ये जागेच्या मालकांशी वाद होऊन या संघास मैदानाबाहेर काढण्यात आले. इतकेच नव्हे, तर संघाच्या नावावरही व्यापारी हक्क नोंदवून ते वापरू नये अशी नोटीस आली. संघ शेजारच्या टूटिंग-मिचम संघाच्या मैदानावर पाहुणा म्हणून खेळू लागला. बेघर असलेला हा संघ त्याच हंगामात एक पायरी वर चढला! मंडळींनी मोर्चे काढले, पैसे जमविले, पार्लमेंटापर्यंत दाद मागितली. नाव परत मिळाले आणि डिसेंबर 2018 मध्ये मैदानही. पुढे 2023 साली संघ पुन्हा पायरी उतरला. पण माणसे घटली नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले.

हे ऐकताना मला आमच्या गावच्या एका शाळेचे मैदान आठवले. मी तेथे शिकविले आहे. त्यावर दुकानांचे गाळे उठले, त्या वेळी मी व दोन सहकाऱ्यांनी अर्ज केले. सह्यांसाठी घरोघर फिरलो. लोक भले होते, चहा देत होते. पण "आमची मुले आता तेथे खेळत नाहीत" असे म्हणत. मैदान गेले ते गाळे बांधले त्या दिवशी नव्हे. कडेला उभे राहून पाहणारे संपले, त्या दिवशीच ते गेले होते.

मुलांनी खेळावे, असे आपण सारेच म्हणतो. पण ज्या घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरातून रविवारी सकाळी एखादा आजोबा तरी मैदानाकडे जातो काय? तेथे खेळणारे पोर आपलेच असावे लागत नाही. कठड्याला टेकून तासभर उभे राहावे, एखाद्यास नावाने हाक मारावी. गुडघे दुखतात, हे मला माहीत आहे, माझेही दुखतात. परत आल्यापासून मी आमच्या वाड्यामागच्या मोकळ्या जागेत रविवारी खुर्ची टाकून बसतो. पहिल्या आठवड्यात मुले बिचकली. आता चेंडू गटारात गेला की तो कोणी काढावा, याचा निवाडा ती माझ्याकडे आणतात.