खाडीपलीकडची टीम

कोल्हापुरात कुठली टीम कधी स्थापन झाली हे कुणी विचारत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं आम्हाला ग्रामदैवतांसारखी आधीपासून जागेवर असलेलीच भेटली. ज्या पेठेत घर, त्या पेठेची टीम. निवडीचा प्रश्नच नव्हता. तालीम, तालमीचा गणपती, तालमीचं फुटबॉल, सगळा एकात एक गुंतलेला कारभार. सामना असला की पलीकडच्या पेठेतल्या मावसभावाशी माझं दोन दिवस आधीपासून बोलणं बंद असे. शाहू स्टेडियमवर आपल्या गोलकीपरने हातातला चेंडू सोडला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार त्याच्याच चुलत्याशेजारी बसून करता यायचा. चुलता त्यात स्वतःची भर घालायचा. तोच शब्द पलीकडच्या पेठेतल्या कुणी उच्चारला, की मात्र हातघाई.

नोकरीसाठी नेरूळला आलो तेव्हा हे सगळं मागे राहिलं. नवी मुंबईत सेक्टर असतात, पेठा नसतात, आणि सेक्टरला टीम नसते. सोसायटीतली पोरं रात्री जागून इंग्लिश लीग बघायची. शेजारचा ओंकार आर्सेनलवाला. आर्सेनल हरली की तो दुसऱ्या दिवशी डबा न खाता परत आणायचा, अशी त्याच्या आईची तक्रार. मीही त्यांच्यात बसायचो, खेळाला दाद द्यायचो, पण उत्तर लंडनचा निकाल ऐकून माझं जेवण काही कमी-जास्त होत नसे.

२०१४ च्या एप्रिलमध्ये पेपरात आलं की इंडियन सुपर लीग नावाची नवी स्पर्धा होणार, आठ शहरांच्या आठ टीम असणार, आणि मुंबईची टीम रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे गेली आहे. एक नट आणि एक चार्टर्ड अकाउंटंट. तेव्हा टीमला नाव नव्हतं, खेळाडू नव्हते, मैदान नव्हतं. फक्त मालक होते. हे माझ्या पेठेच्या डोक्यात बसणारं नव्हतं. आमच्याकडे पोरं आधी असतात. देणगीदार शेवटी, पावतीपुस्तक घेऊन शोधावा लागतो.

पुढे एकेक गोष्ट जमत गेली. जुलैत भारतीय खेळाडूंची वाटणी झाली. ऑगस्टच्या अखेरीस नाव जाहीर झालं, मुंबई सिटी एफसी. प्रशिक्षक म्हणून पीटर रीड आले. १९८६ च्या मेक्सिकोतल्या उपांत्यपूर्व सामन्यात मॅराडोनाने निम्मं मैदान कापत जो गोल केला, त्यात मागे पडलेल्या इंग्लिश खेळाडूंपैकी हे एक. मला ते उगाचच आवडून गेले. इतक्या जवळून इतकं मोठं काही पाहिलेला माणूस साध्या पराभवाने खचणार नाही, असं वाटलं. मग एक दिवस ओंकार दार वाजवत आला. "काका, युंगबर्ग येतोय! आणि अनेल्कापण!" दोघेही एकेकाळचे आर्सेनलचे. फ्रेडी युंगबर्ग तेव्हा ३७ वर्षांचा, निकोला अनेल्का ३५ चा. ओंकारला त्यांची वयं दिसत नव्हती, मला तेवढीच दिसत होती.

मुंबईला फुटबॉल नवं होतं अशातला भाग नाही. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा. कूपरेजच्या मैदानावर टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे अशा टीम खेळायच्या. टीम म्हणजे नोकरी, असा तो काळ. सकाळी सराव, दुपारी हजेरीपुस्तकावर सही, आणि गुडघा गेला तरी महिन्याचा पगार चालू. गिरण्या गेल्या, तशा त्यांच्या टीमही गेल्या. रोव्हर्स कपही नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. महिंद्राची टीम २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने ती बंद केली. आणि गंमत म्हणजे २०१४ मध्ये या शहरात मुंबई एफसी नावाचा एक व्यावसायिक क्लब आधीपासून होताच. २००७ चा. आय-लीगमध्ये दरवर्षी तळाच्या आसपास धडपडत तग धरायचा. खालिद जमील त्याचे प्रशिक्षक. त्यांच्या सामन्यांना ना नट यायचे, ना फटाके वाजायचे. नव्या टीमच्या नावात फक्त 'सिटी' हा एक शब्द जास्त होता, पण उजेड सगळा तिच्यावरच. हे मला तेव्हाही खटकलं होतं आणि आजही खटकतं.

पण मैदान माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, त्याला काय करणार? कूपरेज छोटं, अंधेरीचं क्रीडासंकुल तयार नव्हतं, म्हणून मुंबईच्या टीमचं घर ठरलं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. म्हणजे क्लबच्या बोधचिन्हात मुंबईच्या सात बेटांचे सात तारे, चाहत्यांनी स्वतःला 'आयलँडर्स' म्हणायचं, आणि सामना मात्र त्या सातही बेटांच्या बाहेर, खाडी ओलांडून, सायन-पनवेल महामार्गाच्या कडेला. कुलाबा-गिरगावातला माणूस कामाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सामन्याला हार्बर लाइनने लोंबकळत येणार कसा, हा विचार कुणी केला होता की नाही कोण जाणे. आम्हा नेरूळकरांचं मात्र फावलं. मुंबईच्या कुठल्याही गोष्टीत आम्ही कायम 'नवी' म्हणून वेगळे काढलेले. इथे मुंबई स्वतः पाहुणी म्हणून आमच्या दारी आली होती.

पहिला सामना १२ ऑक्टोबरला कोलकात्यात होता. सॉल्ट लेक भरून वाहत होतं. आधी नाचगाणं, मग खेळ. सत्ताविसाव्या मिनिटाला इथिओपियाच्या फिक्रूने लीगमधला पहिलावहिला गोल केला, तो आमच्यावर. सामना संपला तेव्हा अॅटलेटिको डी कोलकाता तीन, मुंबई शून्य. टीव्ही बंद करताना ओंकार म्हणाला, "अनेल्का नाही ना काका, त्याच्यावर बंदी आहे." इंग्लंडमधली जुनी बंदी त्याला इथे फेडायची होती, पहिले तीन सामने तो बाहेर. पहिल्याच दिवशी टीमला सबब मिळाली, हे मला शुभ वाटलं. सबबीशिवाय टीम कसली!

घरचा पहिला सामना १८ ऑक्टोबरचा, शनिवार, समोर पुणे. दुसऱ्या दिवशी विधानसभेची मतमोजणी होती, त्यामुळे गेटबाहेरच्या रांगेत फुटबॉलपेक्षा आकडेमोड जास्त. कुणाला किती जागा, कोण कुणाला पाठिंबा देणार. ऑक्टोबरचा उकाडा, हवेचा पत्ता नाही, पाठीला चिकटलेले शर्ट. सुरक्षारक्षकाने माझ्या खिशातली चिल्लर काढून एका डब्यात टाकायला लावली. डबा निम्मा भरलेला होता, बऱ्याच काळाने एवढी नाणी एकत्र बघितली.

आत गेलो आणि मैदान दिसलं. हिरवं, ओलं, दिव्यांत न्हालेलं. पण किती लांब! हे स्टेडियम क्रिकेटसाठी बांधलेलं. २००८ मधला पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथलाच. फुटबॉलचा आयत त्या भल्यामोठ्या वर्तुळाच्या मधोमध आखलेला, आणि आपल्यात आणि साइडलाइनमध्ये रिकाम्या हिरवळीचा रुंद पट्टा. शाहू स्टेडियमवर चेंडूला बसलेली लाथ ऐकू येते, खेळाडूचा दम लागलेला ऐकू येतो. इथे सगळं दिसत होतं, पण मुकं. आवाज होता तो भोंग्यांचा, ढोलांचा आणि निवेदकाचा. 'मुंबईऽऽ' असं तो ओरडला की लोक ओरडायचे. तो थांबला की लोक मोबाइल काढायचे.

खेळ मात्र झकास झाला. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने तीन गोल मारले, लीगच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक. सुभाष सिंगचा एक, लेत्झेल्तेरचा एक. पाच-शून्य. पुण्याकडून त्रेझेगे खेळत होता, विश्वचषक जिंकलेला माणूस. पण त्याच्यापर्यंत चेंडूच पोचेना. मोरित्झच्या दुसऱ्या गोलनंतर माझ्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब उठून नाचलं, आणि थोड्या वेळाने पुण्याच्या गोलकीपरने चेंडू अडवला तेव्हाही तितक्याच आनंदाने टाळ्या वाजवल्या. लहान मुलीच्या एका गालावर मुंबईचा निळा रंग होता, दुसऱ्यावर तिरंगा. पुण्यावर कुणी चिडत नव्हतं. पुण्यावर! एरवी मुंबईकर आणि पुणेकर मिसळीवरून हमरीतुमरीवर येतात, आणि इथे पाच गोल मारूनही एक खोचक शब्द नाही. ओंकार आनंदाने रडायचा बाकी होता. मी पाच गोल बघून कोरडा घरी आलो. चांगलं लग्न लागलं होतं, जेवणही उत्तम होतं, फक्त वर-वधू कुणाचे कोण ते ठाऊक नव्हतं.

मग दिवाळी आली आणि टीमच्या पराभवांची रांग लागली. चेन्नईत एकाला पाच असा मार खाल्ला. युंगबर्ग चार सामने खेळला, एकही गोल नाही, आणि त्या मोसमानंतर त्याने बूट कायमचे ठेवले. अनेल्का आला, सात सामन्यांत त्याचे दोन गोल झाले. कधीकधी तो चेंडू घ्यायला इतका मागे यायचा की पुढे पास द्यायला कुणी उरायचंच नाही. त्याची ती उभं राहायची ढब, ती मान वळवून हताशपणे बघायची पद्धत मला पाठ झाली होती. सुब्रत पाल गोलमध्ये दर सामन्यात जिवाच्या आकांताने उड्या घ्यायचा. २०११ च्या आशिया चषकापासून त्याला स्पायडरमॅन म्हणतात. बिचाऱ्याला समोरच्या जाळ्या सोडून आपलीच जाळी राखत बसावं लागलं.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धातली एक संध्याकाळ. गर्दी पातळ झाली होती. गाल रंगवलेली कुटुंबं यायची थांबली होती, फुकट वाटलेले झेंडे खुर्च्यांखाली पडलेले. उरले होते ते खरंच आलेले. खेळ रटाळ चालला होता, चेंडू मधल्या मधे इकडून तिकडे. माझ्या मागे तुर्भ्याच्या मार्केटमधले चार माथाडी बसले होते, बोलण्यावरून पाटणकडचे. आमच्या एका बचावपटूने सरळ पायात आलेला चेंडू बाहेर घालवला. मागून आवाज आला, "आरं ए शुंभा! त्याच्या तोंडाकडं काय बघतुयास? चेंडू घी की!" मग आणखी दोन शब्द, जे इथे छापता येणार नाहीत. आसपास हशा पिकला. दोन रांगा पलीकडे पाहुण्या टीमची जर्सी घातलेला एक तरुण होता. त्यालाही चेव आला आणि त्यानेही त्याच खेळाडूला काहीतरी सुनावलं. झालं. मघाचा माथाडी ताडकन उठून उभा राहिला. "तुला काय करायचंय रं? आमचा हाय त्यो. आमी बगू काय करायचं त्ये."

कितीतरी वर्षांनी मी तो सूर ऐकत होतो. कोल्हापूर सोडल्यापासून ऐकला नव्हता. ओंकार माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, तुम्ही का हसताय?" मी त्याला काही सांगितलं नाही. पुढच्या मिनिटाला त्याच बचावपटूने अंगावर झेपावत आलेला फटका छातीवर घेतला, आणि मी उभा राहून माझ्या पेठेच्या भाषेत जे ओरडलो, त्याने ओंकारच्या शब्दसंग्रहात कायमची भर पडली.

मालकांनी पैसे एप्रिलमध्ये भरले, नाव ऑगस्टमध्ये ठरलं, पहिला सामना ऑक्टोबरमध्ये झाला. माझ्या लेखी मुंबई सिटीची स्थापना त्या नोव्हेंबरातल्या संध्याकाळी त्या माथाड्याने केली. पुढे क्लब अंधेरीला गेला, २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने त्यात मोठा हिस्सा घेतला, २०२१ च्या मार्चमध्ये बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारून मोहन बागानविरुद्ध किताब मिळवून दिला. तो अंतिम सामना फातोर्ड्यात झाला, करोनामुळे रिकाम्या स्टेडियमवर. चषक उचलताना ओरडायला कुणी नव्हतं. तो माथाडी तेव्हा कुठे असेल, घरी टीव्हीवर का होईना बघत असेल का, असं मनात आलं होतं.

पहिल्या मोसमाचा हिशेब सांगायचा तर १४ सामने, ४ विजय, ४ बरोबरी, ६ पराभव. गोल बारा, त्यातले पाच एकट्या त्या शनिवारचे. आठ टीमांत सातवा नंबर. ज्या पुण्याला आम्ही पाच गोलने झोडपलं, त्यांचेही सोळाच गुण झाले आणि ते आमच्या वर सहावे. तो पुण्याचा क्लब २०१९ मध्ये गुंडाळला गेला. आमच्या त्या जुन्या मुंबई एफसीने त्याआधीच, २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरून, दिवा मालवला होता. त्याच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत आल्या.

त्या पहिल्या मोसमाचा अंतिम सामना २० डिसेंबरला नेरूळलाच झाला, कोलकाता विरुद्ध केरळ. मोहम्मद रफीकने अगदी शेवटच्या क्षणी डोक्याने गोल मारला आणि सौरव गांगुलीची कोलकाता जिंकली. केरळचा मालक सचिन तेंडुलकर, त्यामुळे स्टेडियमवर मराठी माणसांची चलबिचल बघण्यासारखी होती. ओंकार आणि मी गेलो होतो. आपली टीम मैदानात नसताना आपल्याच मैदानावर बसणं फार अवघड असतं. मध्यांतरातच आम्ही मुंबईच्या पुढच्या वर्षीच्या बचावफळीबद्दल भांडायला लागलो.

पुढच्या वर्षी क्लबने लिलावात १ कोटी २० लाखांना सुनील छेत्रीला घेतलं आणि अनेल्कालाच प्रशिक्षक केलं. छेत्रीने सात गोल मारले, एक हॅट्ट्रिकही केली. मुंबई सिटी त्या मोसमात सहावी आली. गुण पुन्हा सोळाच.