जुना नंबर, नवा नंबर

ठाणे जिल्ह्यातील जमिनीच्या हक्काचा शोध घेण्याचे काम ज्याच्याकडे येते, त्यास प्रथम हे ध्यानी घ्यावे लागते की भूमी एक असली तरी तिची नोंद एक नसते. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर बसून मी जे दस्तऐवज चाळतो त्यांत मूळ मोजणीचा सर्व्हे नंबर व हिस्सा असतो, कोठे त्याच्या शेजारी नवा सर्व्हे नंबर असतो. मुरबाड-शहापुराकडे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये पडलेला गट नंबर असतो. आणि शहर जेथवर पसरले तेथे मिळकत पत्रिकेवरील नगर भूमापन क्रमांक असतो.

यांतील कोणत्याही दोहोंची सांगड घालणारे पत्रक दप्तरात बहुधा मिळते आणि ते आपल्यापुरते खरेही असते. घोटाळा होतो तो दोन खरी पत्रके एकापुढे एक जोडून तिसरा संबंध काढताना. समजा, जुन्या १२ नंबराचा काही भाग गट ४० मध्ये गेला आणि गट ४० चा काही भाग पुढे एका बिनशेती भूखंडात आला. तर १२ ची वीतभर तरी जमीन त्या भूखंडात आहे की नाही, हे या दोन नोंदींवरून कोणासही सांगता येणार नाही. संपूर्ण ऐक्यास ऐक्य जोडले तर ऐक्यच राहते, अंतर्भावास अंतर्भाव जोडला तर अंतर्भाव राहतो. परंतु अंशतः संबंधास अंशतः संबंध जोडला की निश्चित असे काहीच हाती राहत नाही. तरीही खरेदीखतांत असे दोन नंबर एकच असल्याचे बिनदिक्कत लिहिले जाते. मला हे बनावट सहीहून घातक वाटते, कारण यात कपट नसते आणि म्हणून कोणी हरकतही घेत नाही.

क्षेत्राचा मेळ घेणे आवश्यकच आहे: एकराचे ४० गुंठे, गुंठ्याचे १२१ चौरस वार, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. पण बेरीज जुळली म्हणजे जागा जुळली असे नव्हे. तेव्हा भूमि अभिलेख कार्यालयातून टिपण, फाळणी आणि गुणाकार बुक या मोजणीच्या कागदांच्या नकला काढवून हद्दीवर हद्द ठेवून पाहावी लागते.

माझ्या अहवालात दोन नंबरांच्या मध्ये मी एक रकाना राखतो; त्यात ‘तोच’, ‘अंशतः तोच’, ‘त्यात समाविष्ट’ अथवा ‘अनिश्चित’ यांपैकी एक नोंद असते. शेवटची नोंद पक्षकारांस रुचत नाही, बँकेस तर मुळीच नाही. पण फाळणीचा नकाशा पाहिल्यावाचून मी ती बदलत नाही.