ओला रस्ता आणि मागची चाके

पावसाळ्याच्या दिवसांत ‘गाडी घसरली’ हे वाक्य आपल्या कानांवर इतक्या वेळा पडते की त्यात काही खटकण्याजोगे आहे असे कोणाला वाटतच नाही. आम्हांला मात्र वकिलीच्या व्यवसायामुळे प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधण्याची खोड जडली आहे. ‘घसरणे’ हे क्रियापद अकर्मक. पाय घसरतो, जीभ घसरते, बाजारात भाव घसरतात आणि घाटात गाडी घसरते. घसरवणारा कोणी नसतोच. पंचनाम्यात हे वाक्य एकदा उतरले की चालक, मालक आणि विमा कंपनी हे तिघेही त्याच्या आडोशाला निवांत उभे राहतात, आणि उघड्यावर सापडतो तो एकटा पाऊस.

इंग्लंडच्या न्यायालयांत या वाक्याचा पुष्कळ कीस पाडला गेला आहे. १९४२ सालच्या लॉरी विरुद्ध रॅग्लन बिल्डिंग कंपनी या दाव्यात (वादीचे आडनाव लॉरी आणि घसरलेले वाहनही लॉरीच!) न्यायालयाने म्हटले की, नुसते घसरणे हे तटस्थ आहे, त्यावरून चालकाचा दोष सिद्ध होत नाही की निर्दोषपणाही, परंतु वाहन जर पदपथावर जाऊन चढले असेल, तर ते तेथे कसे गेले याचा खुलासा चालकानेच केला पाहिजे. पुढे १९६५ साली रिचली विरुद्ध फॉल या दाव्यात न्यायमूर्ती मॅकेना यांनी एक पाऊल पुढे टाकले. कारण न सांगता येणारे जोराचे घसरणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा होय, असे त्यांचे मत पडले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७७ साली नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाताना झाडावर आदळलेल्या एका मोटारीच्या दाव्यात, घडलेली गोष्टच स्वतःबद्दल बोलते, हे तत्त्व लावून वारसांना न्याय दिला.

हे सारे आम्हांला तोंडपाठ असण्याचे कारण निव्वळ व्यावसायिक नाही. आमच्या थोरल्या भगिनीचे यजमान २००६ च्या पावसाळ्यात एका भाड्याच्या जीपमधून घाट उतरत असता गेले. भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. विमा कंपनीच्या कैफियतीत लिहिले होते की, रस्ता ओला असल्यामुळे वाहन घसरले, सबब चालकाकडे दोष नाही. नात्यामुळे आम्ही त्या दाव्यात वकीलपत्र घेतले नव्हते. परंतु कागद सगळे वाचले. मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात एक ओळ होती: मागच्या दोन्ही टायरांवरील नक्षी पूर्णपणे झिजलेली. न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली ती मुख्यतः त्या एका ओळीवर. पावसावरचा आरोप तेथे निकालात निघाला. आमच्या भगिनीच्या मनातून मात्र तो निघाला नाही, आणि मुलाने पावसात मोटार हाकायची नाही असा दंडक घरात पडला.

आता या हकिकतीत ती गाडी येते. आमच्या काकांनी १९७१ साली मुंबईच्या एका लिलावात १९६६ ची एम.जी.बी. घेतली. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत या जातीच्या मोटारी तयार होत. दोनच माणसे बसतील एवढी जागा, कापडी हुड, १७९८ सी.सी.चे इंजिन पुढे आणि त्याची सारी ताकद मागच्या चाकांना. काकांची शिस्त अशी की मृग लागला की गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढायची आणि दसऱ्याला पूजा होऊनच खाली उतरायची. तीन वर्षांपूर्वी काका निवर्तले. त्यांचे मृत्युपत्र आम्हीच लिहून दिले होते. गाडी त्यांनी भाच्याला दिली. आणि गेल्या आषाढात भाच्याने आमच्यासमोर येऊन सांगितले, “मामा, श्रावणात मंगेशीला जायचं आहे. बेळगावहून चोर्ल्याच्या वाटेनं. हीच गाडी घेऊन. आईला तुम्ही सांगा.”

ठोकळ्यांवर चढवलेली गाडी कधी घसरत नाही हे खरे. पण पंचविशीच्या मुलाला ठोकळ्यांवर किती वर्षे ठेवायचे?

आम्ही लगेच होकार दिला नाही. गाडीची उलटतपासणी आरंभिली. पहिला साक्षीदार टायर. नक्षी इतकी खोल की नवेच वाटावेत, आणि कायदा तर चारचाकीच्या टायरवर १.६ मिलिमीटर नक्षी असली की समाधान मानतो. पण टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात, त्यांपैकी पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन साल. येथे १८०९ असे होते. म्हणजे २००९ सालचा अठरावा आठवडा. गाडी क्वचितच चाले, म्हणून नक्षी झिजली नाही. रबर मात्र वर्षे मोजतच होते. नख रुतेना इतके ते कडक झाले होते. कोरड्या रस्त्यावर असा टायर निभावून नेतो, पण ओल्या रस्त्यावर खड्यांच्या बारीक खाचांत रुतून बसायला जो मऊपणा लागतो तो त्यात उरलेला नसतो. जुन्या मोटारींच्या शौकिनांपैकी पुष्कळजण रंगावर लाखो रुपये खर्चतात आणि टायर ‘चांगलेच आहेत’ म्हणून ठेवतात; हा आम्हांला शुद्ध अविचार वाटतो. चौदा इंची चाकांचे टायर आपल्याकडे सहज मिळतात. चारही बदलले.

दुसरा साक्षीदार ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि आजच्या मोटारीत चाक अडकू न देणारी जी यंत्रणा असते तिचा मागमूस नाही. भारतात नव्या मोटारींना ती २०१९ पासून सक्तीची झाली. त्यामुळे भाच्याच्या पिढीला, ब्रेक करकचून दाबला की गाडी थांबते आणि वळतेही, असे वाटते. या गाडीत तसे केले तर चाके अडकतात, आणि अडकलेले चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. पुढे म्हैस उभी असो की दरी, गाडी सरळच जाते. पाय उचलून चाक फिरू दिले तरच ते वळते; म्हणून ब्रेक दाबायचा, अडकला असे वाटताच सोडायचा, पुन्हा दाबायचा. भीती वाटत असताना ब्रेकवरचा पाय उचलणे ही मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध गोष्ट आहे, म्हणून ती आधी शिकावी लागते.

थोडे गणित केले. कोरड्या डांबरावर टायरची पकड पाऊण धरली, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून १९ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर हीच पकड ०.४ वर आली की ३५ मीटर लागतात. शिवाय पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद गेला तर १७ मीटर आधीच निघून गेलेले असतात. पंचवीस मीटर त्रिज्येचे वळण कोरड्यात ताशी ४९ पर्यंत झेपते, ओल्यात ३६. भाच्याला हे कागदावर करून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे तेरा किलोमीटरांचाच प्रश्न आहे.” आम्ही म्हणालो, “होय. बहुतेक दावे तेवढ्याचेच असतात.”

मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीचा स्वभाव निराळा. हल्लीच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. वळणावर वेग जास्त झाला तर त्यांचे नाक बाहेर जाते, चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, आणि बहुधा गाडी पुन्हा रेषेत येते. येथे घाबरणे उपयोगी पडले! एम.जी.सारख्या गाडीत वळणावर पाय एकदम काढला, की वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात, त्यात इंजिन त्यांना मागे खेचू लागते, आणि शेपूट बाहेर पडते. पाय एकदम दाबला तरीही तेच, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके ढकलणे आणि धरून ठेवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी पुरी करू शकत नाहीत. वरचा गिअर काढून खालचा टाकताना क्लच झटक्याने सोडणे हाही त्यातलाच गुन्हा. सारांश, वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात पाय स्थिर. आणि बाहेर पडताना चाके सरळ होतील तसतसा ॲक्सिलरेटर हळूहळू. गोव्याकडे ‘सवकास’ असा एक सुंदर शब्द आहे. त्यात नुसता मंदपणा नाही, हिसका नसणे आहे. आणि ओल्या रस्त्यावर हिसका नसणे हे मंदपणाहून अधिक मोलाचे.

इतके करूनही शेपूट सुटलेच तर? ते ज्या बाजूला जाते त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचे, ब्रेकला शिवायचे नाही, पाय जोराचा असेल तर हलकेच कमी करायचा, आणि नजर दरीकडे न ठेवता जेथे जायचे आहे तेथे ठेवायची. गाडी सरळ येऊ लागताच स्टिअरिंगही चटकन सरळ करायचे, नाही तर ती उलट बाजूला दुसरा फटकारा मारते, आणि पुष्कळांचा घात पहिल्याऐवजी या दुसऱ्या फटकाऱ्याने होतो. हे वाचून येत नाही. एका स्नेह्यांच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या फरसबंद आवारात दोन रविवार भर पावसात, ताशी पंचवीसच्या वर न जाता, भाच्याने गाडी मुद्दाम घसरवली. ‘घसरवली’ हे सकर्मक क्रियापद आम्ही तेथे प्रथम ऐकले.

ज्यांना हे सारे भित्रेपणाचे वाटेल त्यांनी जॅकी स्ट्यूअर्टची गोष्ट आठवावी. १९६८ सालची जर्मन ग्रां-प्री शर्यत न्यूरबुर्गरिंगच्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या डोंगरी वाटेवर धो धो पावसात आणि दाट धुक्यात झाली. मनगटाचे हाड मोडलेले असताना, मागच्या चाकांच्याच गाडीत, स्ट्यूअर्ट चार मिनिटांहून अधिक अंतराने पहिला आला. आणि तोच मनुष्य पुढे शर्यतीच्या मैदानांवरील सुरक्षिततेसाठी सर्वांचा रोष पत्करून भांडत राहिला. पावसाला सर्वांत चांगले ओळखणाऱ्याने त्याला सर्वांत कमी गृहीत धरावे, हे आम्हांला मोठे अर्थपूर्ण वाटते.

रस्त्याचेही काही धर्म आहेत. पहिल्या सरीने धूळ आणि तेल यांचा जो राळा होतो तो आठवडाभराच्या संततधारेपेक्षा अधिक निसरडा; म्हणून मृगाचा पहिला दिवस वाईट, श्रावण त्या मानाने बरा. पण श्रावणात झाडांच्या सावलीतल्या कडांवर शेवाळ धरलेले असते, आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे बारा महिने गुळगुळीत. साचलेल्या पाण्यावर चाक तरंगते ते कोणत्या वेगाला, याचा अंदाज नासा संस्थेने १९६३ साली विमानांच्या चाकांवरून काढला: टायरमधील हवेच्या पौंडांचे वर्गमूळ घ्यावे आणि १०.३५ ने गुणावे, मैल येतात. पंचवीस पौंडांना सुमारे ५२ मैल, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. झिजलेला टायर त्याच्या कितीतरी आधी तरंगतो. पाण्यातून गेल्यावर मागचे ड्रम भिजतात. थोडे अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवले की सुकतात. आणि जाता जाता एक तक्रार: घाटात पाऊस आला की चारही दिवे लुकलुकत ठेवून धावण्याची जी नवी चाल पडली आहे, तिच्यामुळे पुढचा वळणार आहे की थांबला आहे हेच कळत नाही. ते दिवे थांबलेल्या वाहनासाठी आहेत.

आम्ही हे सर्व घेऊन भगिनीकडे गेलो. टायरच्या कडेवरचे नवे आकडे तिला वाचून दाखवले. तिने चष्मा लावून ते स्वतः पाहिले, बराच वेळ पाहिले. “त्या जीपच्या टायरवरही असे आकडे असतील ना?” तिने विचारले. आम्ही होय म्हणालो. मग ती म्हणाली, “दोनच माणसं बसतात ना त्यात? मग दुसरी मी.”

असे झाले की श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मायलेक त्या गाडीतून निघाली आणि आम्ही, पूजेच्या साहित्याची पिशवी मांडीवर घेऊन, कदंबच्या बसने. जांबोटीपर्यंत रिमझिम होती. जेथे मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीपाशी धुके इतके उतरले की बसच्या चालकाने वाहकाला दाराशी उभे केले. पुढे एका रुंद जागी, रस्त्यापासून चांगली दूर घेतलेली ती बुटकी गाडी दिसली. हुड घट्ट, चारही दिवे लुकलुकत. कारण ती थांबलेली होती. भाचा काचेची आतली वाफ फडक्याने पुसत होता आणि आमची भगिनी थर्मासमधला चहा ओतत होती. आमच्या बसने भोंगा वाजवून त्या शर्यतीच्या घराण्यातल्या गाडीला मागे टाकले. केरीला आम्ही पाऊण तास आधी पोचलो.