घरातली मराठी बंद करू नकोस

प्रिय वैशू,


तुझ्या नीरजला डिस्लेक्सिया असावा, असं शाळेनं सांगितल्याचं तू फोनवर म्हणालीस. मला त्याहून जास्त लागला तो पुढचा सल्ला : 'भाषांचा गोंधळ होतोय, घरी इंग्रजीच बोला.' तुम्ही दोघांनी तो मनावर घेतलाय, म्हणून हे पत्र.

असं करू नकोस गं. आपल्या कोराडीच्या विद्युत विहार वसाहतीत पोरं खेळताना हिंदी, घरी मराठी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. त्यानं कुणाला डिस्लेक्सिया होत नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पटकन न बसणं ही मूळ अडचण, आणि ती बऱ्याचदा आनुवंशिक असते. घरातली एक भाषा काढून घेतल्यानं ती जात नाही. जाईल ते त्याचं आजीशी बोलणं.

भाषा बदलली की या अडचणीचं रूप बदलतं, एवढं मात्र खरं. मराठी बहुतांशी लिहिलं तसं वाचायची, म्हणून असं मूल मराठीत चुकतं कमी, रेंगाळतं जास्त. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' यांतला 'यू' एकच, उच्चार दोन. तिथे त्याची दैना होते. वायडेल आणि बटरवर्थ या संशोधकांनी १९९९ साली जपानमधल्या एका द्विभाषिक मुलाबद्दल लिहिलं होतं. तो जपानी उत्तम वाचायचा, इंग्रजीत मात्र अडायचा.

पण मराठी अगदीच सोपी असंही नाही. मागे नीरजनं 'विद्यार्थी' हा शब्द धाडकन 'विद्युत' असा वाचला. विद्युत विहारची पाटी रोज बघणारं पोर, सुरुवात ओळखली आणि पुढचं अंदाजानं म्हटलं. मी बोट ठेवून शब्द फोडायला लावला. ह्रस्व वेलांटी दिसते 'व'च्या आधी, म्हणायची नंतर. 'द' आणि 'य' एकमेकांत मिसळलेले. रफार 'थी'च्या डोक्यावर, उच्चार 'थ'च्या आधी. तिथे तो घामाघूम झाला. तोच धडा मी वाचून दाखवला, तर सगळा अर्थ त्यानं घडाघडा सांगितला! पोराला समजतं सगळं, वैशू. वाचन तेवढं अडतं.

म्हणून तपासणी एकट्या इंग्रजीत करून घेऊ नकोस. इंग्रजी कानावर कमी पडलेलं मूलही इंग्रजी वाचताना अडखळतं. तो डिस्लेक्सियाच असेल असं नाही. दोन्ही भाषांत वाचायला लावलं, तरच फरक कळतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये 'डाली' ही चाचणी आणली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. तपासणाऱ्यांना तिच्याबद्दल नाव घेऊन विचार. निदान झालंच, तर घाबरू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि आपल्या राज्यात परीक्षेला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती त्याच्याही आधीपासून मिळतात.

तोवर रोज थोडा वेळ त्याच्याशेजारी बसून मोठ्यानं वाच. जोडाक्षर आलं की फोडून म्हणायला लाव, मग जोडून. आजीच्या गोष्टी चालू राहू देत. त्यातून जमलेले शब्द त्याला इंग्रजी वाचतानाही उपयोगी पडतील. आणि 'आळशी' हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही, हे जावईबापूंनाही सांग.

दिवाळीला येशील तेव्हा त्याच्या मराठी आणि इंग्रजी दोन्ही वह्या घेऊन ये. खाडाखोडीची पानं फाडू नकोस, मला तीच बघायची आहेत.

तुझी,
ताई