कागदावरची उभी रेघ

रोटरीच्या सभेत नव्या जोडप्याची ओळख करून द्यायची असली, की मी एका पाठकोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारतो. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. दोन्हीकडे चार-चार ओळी भरल्याशिवाय घरातून निघायचं नाही.

ही सवय फजितीतून लागली. आमचा क्लब तालुक्याच्या गावातला. सभासदांत दंतवैद्य नव्हता, तो मी मिळवला म्हणून हरखून गेलो होतो. त्याची पदवी, दवाखाना, कॉलेजातलं क्रिकेट, सगळं रंगवून सांगितलं आणि अध्यक्षांचा हात घंटेकडे जाताना दिसला तेव्हा घाईनं म्हणालो, ‘‘त्यांच्या सौ.ही आज आल्या आहेत.’’ बाई अर्धवट उठल्या, नमस्कार करून बसल्या. मागून कुणीतरी ‘उखाणा, उखाणा’ केलं. त्यांनी तोही घेतला.

चहाच्या वेळी पंधरा ऑगस्टच्या रक्तदान शिबिराचा विषय निघाला. बशीत बिस्किट ठेवत त्या म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी तर सगळेच शिबिर घेतात. रक्ताची पिशवी टिकते पस्तीस दिवस. तुमचं शिबिर मेमध्ये घ्या ना, तेव्हा दाते मिळत नाहीत.’’ बाई रक्तपेढीत अकरा वर्षं तंत्रज्ञ होत्या. आणि मी सभेला काय सांगितलं होतं, तर सौ.!

आमच्याकडे सभासदाच्या बायकोला अजून ‘अ‍ॅन’ म्हणतात, मुलांना ‘अ‍ॅनेट’. १९१४ साली ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या आगगाडीत अ‍ॅन ब्रुनियर नावाच्या बाई होत्या, तिथून हा शब्द आला. बायकांना सभासदत्व मिळायला १९८९ उजाडलं. त्यामुळे आता मी जोडप्याला पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न एकच: फॉर्म एक आणू की दोन? त्यावर दोघं एकमेकांकडे कसं बघतात, त्यातच मला निम्मी माहिती मिळून जाते.

काही गोष्टी मी कटाक्षानं टाळतो. बंगला, गाडी, परदेशातला मुलगा. ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ तर नकोच. ओळख म्हणजे स्थळ दाखवणं नव्हे. कौतुकही बेतानंच करतो. फार चढवून सांगितलं तर पुढच्या सभेपासून त्या बिचाऱ्यांना ते निभावत बसावं लागतं.

माहिती काढायची तर दोघांना वेगवेगळं गाठावं. समोरासमोर विचारलं की एकाचं उत्तर दुसराच देतो, बहुधा नवराच. शिवाय स्वतःबद्दल विचारलं की माणसं हुद्दा सांगतात. म्हणून मी त्याला तिच्याबद्दल विचारतो आणि तिला त्याच्याबद्दल.

गेल्या महिन्यात एका शिक्षिकेची बाजू भरून वाहत होती आणि तिच्या नवऱ्याच्या बाजूला फक्त ‘सेवानिवृत्त, पाटबंधारे खातं’. मी तिला फोन केला. ‘‘ते आंब्याची कलमं बांधतात,’’ ती म्हणाली. ‘‘आजवर एकही दगावलं नाही.’’ मग जरा थांबून, आवाज खाली आणून, ‘‘म्हणजे एक दगावलं. ते सांगू नका हं, अजून त्यांना लागून राहिलंय.’’

सांगितलं नाही. पण कागदावर लिहून ठेवलंय.