बाबांच्या फोटोसाठी खिळा

२०१७ ते २०२४ या सात वर्षांत आम्ही वाकोल्यात चार घरं बदलली. चारही भाड्याची, अकरा महिन्यांच्या करारावरची. प्रत्येक करारात एक कलम असायचंच : परवानगीशिवाय भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे बाबांचा फोटो कपाटाला टेकवून ठेवलेला असे. आई रोज सकाळी तिथेच हार घाली.

आमचं स्वतःचं घर दत्तमंदिर रोडच्या आतल्या गल्लीत होतं. १९७४ सालची तीन मजली इमारत, २४ बिऱ्हाडं. बाबा कारखान्यात फिटर होते. आईच्या पाटल्या मोडून त्यांनी ३५० चौरस फुटांचं घर घेतलं. सोसायटीचा भाग दाखला आईने अजून जपून ठेवलाय : ५० रुपयांचा एक, असे पाच शेअर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तळमजल्यावरची सगळी माणसं दोन रात्री आमच्या घरात राहिली होती.

पुढे स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या आणि पुनर्विकासाशिवाय गत्यंतर उरलं नाही. त्यात हिशेब असा असतो की जुन्या सभासदांना नवं घर फुकट मिळतं आणि त्याचा खर्च वरचे जादा मजले विकून निघतो. म्हणजे जमिनीइतकीच डोक्यावरच्या आभाळाला किंमत. पण वाकोला विमानतळाला लागून आहे. इथे इमारत किती उंच न्यायची, ते विमानतळ प्राधिकरण ठरवतं. बिल्डरने आम्हाला नऊ मजल्यांचा नकाशा दाखवला होता. आम्ही घरं रिकामी केली, इमारत पाडली आणि मग परवानगी आली ती सहा मजल्यांची. विकायचे मजलेच घटले. काम रेंगाळलं. २०२० च्या टाळेबंदीत बिल्डरकडून मिळणारं आमचं भाडं थांबलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही.

सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखाली सरकारने २००९ मध्येच निर्देश काढले होते : प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी बिल्डरकडून घ्यावी. आमच्या सभेत तो मुद्दा निघाला होता. 'एवढं ताणलं तर हाही जाईल,' असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळे गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची किंमत २४ कुटुंबं आजही भरताहेत.

२०१७ मध्ये आम्ही २४ हजार भाडं देत होतो, आता तेवढ्याच जागेचे ४२ हजार मागतात. वांद्रे-कुर्ला संकुल हाकेच्या अंतरावर. तिथल्या पगारांवर इथली भाडी ठरतात. मग विकतच घ्यावं म्हणून एजंटला विचारलं. वन बीएचके, चारशे फूट कार्पेट, एक कोटी तीस लाख. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क सहाऐवजी पाच टक्के, तरी ते साडेसहा लाख. माझ्या पगारावर बँक निम्मंही कर्ज देईना.

'विरारला जा,' असं सगळे सांगतात. आमच्या इमारतीतली नऊ कुटुंबं गेलीही. पण आई ७६ वर्षांची आहे. तिचे डॉक्टर इथे, मासळीवाली इथे, रस्त्यात थांबवून 'गुडघा कसा आहे?' विचारणाऱ्या तळमजल्यावरच्या आंटी इथे. म्हणून पगारातला अर्ध्याहून अधिक भाग मी भाड्यात घालते. शहर ज्यांनी वसवलं त्यांना म्हातारपणी तिथे राहता यावं, एवढंच माझं मागणं आहे. ते अवाजवी आहे असं मला वाटत नाही.

मे महिन्यात विशेष सभा झाली. जुना करार रद्द करायचं ठरलं. नव्या अटींच्या मसुद्यात पहिलीच ओळ आहे : बँक हमीशिवाय पुढचं पाऊल नाही. विरारहून लोकलने आलेल्यांनीही हात वर केले. आईने सही केली तेव्हा हात थरथरत होता, पण नाव पूर्ण लिहिलं.

जूनमध्ये पाचव्या घराचा करार झाला. सहीआधी मी मालकीणबाईंना विचारलं, "एक खिळा ठोकला तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "ठोका की." मला वाटलं, आई म्हणेल, आपल्या घरात गेल्यावरच ठोकू. तिने हातोडी शोधायला लावली.

"सात वर्षं ते खाली बसलेत," ती म्हणाली. "आपल्या घरासाठी दुसरा खिळा आणू."